तिसरा सिलिंडर

चौघांची तापमानं वहीत आहेत.
एक : एकशे अडुसष्ट.
दोन : एकशे बाहत्तर.
तीन : दोनशे एकोणीस.
चार : एकशे ब्याण्णव, केळीचा ट्रॅक्टर आडवा आला होता.
सावदा ते फैजपूर, सकाळी साडेनऊ,
बाहेर त्रेचाळीस.
अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं;
आकडा आवडला नाही म्हणून खोडत नाही.

सुभान तडवीच्या हाताला ग्रीस,
वही मी धरते, तो मान वाकडी करून वाचतो.
"तिसरा तर जल्माचाच तापट, मॅडम.
त्याच्या वाटेत ऑइलचा कूलर उभा.
बाकीच्यायले ताजी हवा, त्याले उष्टी."
ठाऊक आहे. कंपनीलाही ठाऊक होतं;
त्याची ठिणगी ते मुद्दाम जरा उशिरा टाकत,
रात्रपाळीहून आलेल्याला
थोडं उशिरा उठवावं तशी.
पण पन्नास अंश?
"पन्नास म्हनजे सोभाव नाही," तो म्हणतो.
"पन्नास म्हनजे दुखनं."

आधी साक्षीदारावर संशय.
प्लगखालच्या तांब्याच्या कड्या अदलून पाहिल्या,
तीनची एकला, एकची तीनला.
ताप कडीमागे गेला नाही.
कडी खरं बोलत होती.

मग प्लग, कालच्या पेपरावर ओळीने.
दोघे शेंगदाण्याच्या सालाच्या रंगाचे,
चौथा किंचित उडालेला,
तिसरा राखेकडे झुकलेला.
तीन-चारची नळी एकच, कुठूनतरी हवा चोरून शिरत असेल.
सांध्यांवर पाण्याची पिचकारी मारली.
इंजिनाचा सूर तसूभर हलला नाही.

झडपांची फट गार इंजिनावर मोजायची असते.
मे महिन्यात फैजपुरात गार काय असतं?
पहाटे चारला शटर वर केलं.
बॅटरी माझ्या हातात.
पट्टी फटीत सरकताना त्याचा श्वास थांबलेला.
बरोबर.
हीपण बरोबर.
चारही सिलिंडर बरोबर, आणि मला वाईट वाटलं.
चूक सापडली असती तर घरी जाऊन झोपले असते.

शेवटी इंजिन खाली. चार नट, एक जॅक,
दोन पोरं आणि बऱ्याच शिव्या,
माझ्याकडे बघून अर्ध्यात गिळलेल्या.
एक-दोनच्या पोटाखाली वळणाचा पत्रा,
हवेचा कान धरून तिला
सिलिंडरभोवती फिरवून आणणारा.
तीन-चारच्या पोटाखाली
नुसता उजेड.

चौथाही कण्हत होता.
वहीत होतं. माझ्याच अक्षरात.
मी मात्र सगळा वेळ
मोठ्याने ओरडणाऱ्याकडे बघत राहिले.

सुभान काही न बोलता उठला,
चहाच्या स्टोव्हपाशी गेला.
लू लागून ज्योत विझू नये म्हणून
तिथे आडवा उभा केलेला एक पत्रा,
वळणाचा, कडांना खाचा,
काजळीने इतका काळा की कुणाचाच नसलेला.
"अब्बानं ठेवेल आहे," म्हणाला,
आणि मग बराच वेळ तो
फडक्याने पुसतच राहिला.
मला आठवलं : हप्ते फिटले त्या वर्षी
त्याच्या वडिलांनी हेच इंजिन उतरवलं होतं.
नट मोजायला एक चड्डीतलं पोर बसवलं होतं.
त्याने नट बरोबर मोजले होते.
पत्रे मोजायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
एकवीस वर्षं मी तशीच चालवली.
मापक यंदा बसवलं,
त्याआधी ताप नव्हता, नुसती गाडी होती.

"मजुरी नका देऊ," तो म्हणाला.
मी दिली. आकडा आकडा असतो.

एक : एकशे अडुसष्ट.
दोन : एकशे एकाहत्तर.
तीन : एकशे ब्याऐंशी. एवढा सोभाव चालेल.
चार : एकशे सत्तर.

चहा मात्र होईना.
ज्योत सारखी आडवी पडत होती,
एक पोरगं ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा धरून
स्टोव्हसमोर उकिडवं बसलं.
तेही टिपून ठेवलं :
वारा पश्चिमेचा.
उकळीला एकोणीस मिनिटं.